देलपेशांची जागा

लाबोरी गावातल्या बेकरीवरून गाडी तिसऱ्यांदा गेली, तेव्हा बेकरीवाली मादाम रुकेत पिठाच्या हातांनी रस्त्यातच येऊन उभी राहिली. सोलेनने ब्रेक दाबला आणि काच खाली केली.

"रस्ता चुकलात की काय?"

"नाही," शेजारी बसलेला सासरा आन्सेल्म देलपेश म्हणाला. त्याचा प्लास्टरमधला पाय पुढे मावता मावत नव्हता. "सून गाडी शिकतेय."

"नऊ वर्षं बघतेय मी तिला. तुमच्यापेक्षा बरी चालवते." मादामने खिडकीतून एक गरम लांबडा पाव आत सारला. "हा असू द्या. पेट्रोल संपलं तरी पोट तरी भरेल."

मागच्या सीटवर बिस्कोत कुत्री पावाचा वास घेत बसली होती.

आमच्याकडे माणूस स्वतःच्या लफड्याबद्दल सांगेल, पण ट्रफलची जागा सांगणार नाही. ओकच्या मुळाशी, जमिनीखाली वाढणारी ही काळी अळंबी कुत्र्याच्या नाकालाच सापडते, आणि कुठे सापडते ते बाप मुलाला मरताना सांगतो. आन्सेल्मच्या बापाने तर सांगण्याआधी बायकोलाही खोलीबाहेर काढलं होतं. आन्सेल्मचा मुलगा सिरिल तसा गुणी, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून सत्तरी उलटली तरी म्हाताऱ्याने तोंड उघडलं नव्हतं. या हिवाळ्यात तो शिडीवरून पडला. ट्रफल काही त्याच्या पायासाठी थांबणार नव्हते आणि बिस्कोतला गाडी चालवता येत नव्हती. राहिली सून.

सून लांबची, पार उत्तरेकडची. या घरात तिच्यावर सगळ्यांची माया होती. पण दर हिवाळ्यात म्हातारा टोपली झाकून घरात शिरायचा आणि तिला बघून दुसऱ्या दाराने जायचा. ते तिला लागायचं. नऊ वर्षं झाली, तरी लागायचं.

"डावीकडे घे," आन्सेल्म म्हणाला.

"मघाशी उजवीकडे म्हणालात."

"मघाशी ते मघाशी."

सोलेनने गाडी डावीकडे घेतली. जानेवारीचं कोवळं ऊन पडलं होतं. लाल कौलांची एकामागून एक गावं येत होती, मग अक्रोडाची झाडं, मग रस्ता अडवून चाललेली बदकं. बदकांसाठी थांबायचं, कुणी हात केला की हात करायचा. म्हातारा तिला चकवण्यासाठी फिरवतोय हे तिला कळत होतं, आणि तरी मजा येत होती. ती शीळ घालू लागली.

मग कपडे धुण्याचा जुना हौद आला, तोही तिसऱ्यांदा. बिस्कोत ताडकन उठली, डावीकडच्या काचेला नाक लावून कुईकुई करू लागली. शेपटी सोलेनच्या सीटवर थाडथाड आपटत होती. आन्सेल्म मोठ्याने खोकला आणि त्याने रेडिओ वाढवला. पहिल्या फेरीला त्याने हेच केलं होतं, दुसऱ्याही फेरीला.

सोलेनने आरशात कुत्रीकडे पाहिलं आणि गाडी सरळ पुढे नेली.

"थांब," आन्सेल्म म्हणाला. त्याने रेडिओ बंद केला. "जागा कितव्या फेरीला कळली?"

"पहिल्याच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतं ना, पापा."

आन्सेल्म मागे वळून बिस्कोतला म्हणाला, "घरभेदी कुठली." बिस्कोतने त्याचा कान चाटला.

"मागे घे. हौदाच्या डावीकडे."

कच्च्या वाटेच्या शेवटी ओकचं रान होतं. आन्सेल्म कुबड्यांवर नाल्यापर्यंत गेला. तिथे दोन्ही कुबड्या वीतभर चिखलात रुतल्या. पलीकडचा चढ त्याने एकदा खालून वर पाहिला. मग खिशातून लहानसं खुरपं आणि कागदात गुंडाळलेले चीजचे तुकडे काढून सुनेपुढे धरले.

"ती नाक लावेल तिथे हळू उकर. सापडलं की आधी तिला चीज, नाहीतर संपावर जाईल. खड्डा बुजव. पाला पसर."

"आणि?"

"आणि जा की. ऊन उतरेल."

अर्ध्या तासाने ती परतली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि रुमालात मुठीएवढा काळा, खडबडीत ट्रफल. गाडीच्या उघड्या दारात पाय सोडून बसलेल्या आन्सेल्मने तो नाकाशी नेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वारा फार गार आहे, असं तो म्हणाला. वारा नव्हताच.

त्याने पाव मांडीवर घेतला, तोच सोलेनचा फोन वाजला. सिरिल होता.

"कुठे आहात गं? मिळालं का काही?"

आन्सेल्मचा हात पावावर थबकला. काय बोलायचं, हे त्याने तिला शिकवलेलं नव्हतं. आणि नवऱ्यापासून काही लपव म्हणून कुठला सासरा सुनेला सांगणार?

सोलेनने रुमालातल्या ट्रफलकडे पाहिलं. सगळी गाडी त्या वासाने भरली होती.

"कसलं काय," ती म्हणाली. "सकाळपासून नुसते हिंडतोय. बिस्कोतला सर्दी झालीय वाटतं."

"पापा वैतागले असतील."

"बोलूच नकोस."

तिने फोन ठेवला. आन्सेल्मने पावाचा शेंडा मोडला. तो कडक, खरपूस तुकडा त्या घरात आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नव्हता. त्याने तो सुनेच्या चिखलाच्या हातावर ठेवला.