आईच्या हातचा जंबालाया

सर्व संतांच्या दिवशी पूर्वजांच्या थडग्यांना चुन्याची सफेदी करून आमचं गणगोत आईकडे जंबालाया खायला येतं. यंदाही आईने सॉसेज परतलं, कोळंबी घातली, तांदूळ शिजवला. ती थकून आडवी झाल्यावर मी चव पाहिली. भात नुसता खारट! विसरून तिने मीठ तीनदा घातलं होतं. तिची शोभा नको म्हणून मी पातेलं गुपचूप रिकामं केलं आणि घाईने नवा भात रांधला. जेवताना भाऊ अल्सीद बोटं चाटत म्हणाला, "आई, ऐंशी उलटली तरी हात तस्साच गं तुझा!" आई एक घास खाऊन फक्त हसली. पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना तिने विचारलं, "वर्ना, माझा फार बिघडला होता का?" माझी मान खाली गेली. "नाही गं, थोडासा..." तिने माझा हात धरला. "मला उठवायचं होतंस. दोघींनी मिळून केला असता."