बादशहाचा निरोप

गावागावांत अजून हौसेनं नाटकं बसत होती तेव्हाची, त्र्याहत्तर सालची गोष्ट. अल्लीपूरच्या शाळेत बुडत्या राज्याच्या शेवटच्या बादशहाचं नाटक होतं. दुश्मन वेशीवर आला तरी हा चित्रं काढत बसलेला. ते काम कोकिळाच्या नवऱ्याकडे, चंद्रभानकडे होतं.

शेवटी बादशहा महाल कायमचा सोडतो आणि म्हणतो, "आम्ही जातो." पण निघताना 'जातो' म्हणायला जीभ रेटते का कोणाची? चंद्रभान दर तालमीत 'येतो'च म्हणे.

"अरे बापा, हा बादशहा परत येत नाई! जातो म्हण!" नानाजी मास्तर कावायचे.

"मले नाई जमत, मास्तर. समोर बायको बसली हाये."

दुपारच्या प्रयोगातही तो रिकाम्या महालाकडे वळून "आम्ही येतो" म्हणाला. लोक हसले. कोकिळा हसली नाही.

दिवेलागणीला तो घरी आला, अजून बादशहाच्याच अंगरख्यात. कोकिळानं त्याच्यामागं दार लावलं. चहाला त्यानं हात लावला नाही. चुलीतला कोळसा उचलून तो भिंतीवर चित्र काढू लागला. ज्याला पोळ्याचा बैलही धड काढता येत नव्हता, त्याच्या हाताखाली कारंजी, कमानी, मोर उमटत गेले.

"अवो, भिंत काऊन खराब करता?"

तो मोराचा पिसारा काढत राहिला.

तेवढ्यात कडी वाजली. बाहेरून चंद्रभानचा आवाज आला, "कोकिळे, दार उघड व. मास्तरानं आत्ता सोडलं."