एका लिटरचा रस्ता

तीन गाड्या होत्या, एक बाटली आणि चार माणसं. गाड्या काळी, निळी आणि पांढरी, तिन्ही नव्याकोऱ्या. काळी आणि निळी ओळखीच्या व्यापाऱ्यांकडून दिवसभरासाठी मागून आणलेल्या, पांढरी नागपूरच्या एजंटने दाखवायला पाठवलेली. बाटली काचेची, अंगावर मिलिलिटरच्या रेघा. ती बॉनेटखाली बांधायची, नळी इंजिनाला जोडायची, बरोबर एक लिटर पेट्रोल ओतायचं आणि लाखनीच्या राइस मिलपासून साकोलीच्या दिशेने निघायचं. पेट्रोल संपून गाडी जिथे थांबेल, तेवढं तिचं ॲव्हरेज. माणसं तिन्ही फेऱ्यांना तीच, म्हणजे वजन सारखं राहील.

तिघींतली एक विकत घ्यायची होती, आणि ती निवडायची ही सगळी योजना जागेश्वरची. तो यंदाच बी.एस्सी. झाला होता. स्टिअरिंगवर त्याचे वडील, मिलमालक कृष्णराव. मागे आई गोदावरीबाई आणि मोठी सून ललिता.

ललिताचं माहेर याच सडकेवर होतं, सोनटोल्याला. मिलपासून अठरा किलोमीटर. चार वर्षांत ती तिथे गेली नव्हती. तिच्या वडिलांनी, तुलारामांनी, एका हंगामात व्याह्याची मिल सोडून साकोलीच्या मिलला धान घातलं होतं. कृष्णरावांनी ते मनाला लावून घेतलं. भांडण असं झालंच नाही. पण सुनेला पोचवायला इकडून कोणी गेलं नाही आणि लेकीला न्यायला तिकडून कोणी आलं नाही. बाईने एकटीने एस.टी.त बसून माहेरी जावं, अशी रीत दोन्ही घरांत नव्हती.

काळी गाडी दमदार निघाली. चढावर तिने भरलेला ट्रक मागे टाकला. सीट पलंगासारखी रुंद. "यात बसलेला मानूस मानसावानी दिसते," कृष्णराव खूश होऊन म्हणाले. तलावाच्या पाळीशी दोन गचके देऊन ती थांबली. नऊ पूर्णांक आठ. जागेश्वरने डिकीतल्या डब्यातून पेट्रोल घातलं आणि सगळे परत आले. निळीचा आवाज कमी, वळण अलगद. तिने सागाच्या रानाशी गचके खाल्ले. तेरा पूर्णांक चार.

ललिताने मनात वजाबाकी केली. चार पूर्णांक सहा कमी पडले.

उरली पांढरी.

"हे गाडी होय का पानाचा डबा?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"आई, यात गरम हवेची मशीन आहे."

"आपल्या भंडाऱ्यात गरम हवा इकत घ्या लागते का रे?"

ललिताने चपला मिलच्या पायरीवर काढून ठेवल्या. हातातले चांदीचे गोट उतरवले आणि चपलांशेजारी बसलेल्या हमालिणीकडे दिले.

"वहिनी, चपला राहिल्या तुमच्या."

"राहू द्या भाऊजी. तेवढीच हलकी."

"पण वजन सारखं पाहिजे न!"

"चपलेनं का होते?" कृष्णराव आरशात पाहत म्हणाले. "बसू दे तिले."

उन्हं कलली होती. दोन्ही बाजूंना पिकलेलं धान उभं होतं आणि त्याचा पिवळा उजेड काचेतून आत येत होता. गाडी सडकेवरून नाही, पाण्यावरून चालल्यासारखी वाटत होती. तलाव आला, तेव्हा पाण्यातही एक पांढरी गाडी निघाली, उलटी, अगदी सोबतीने. तिच्यातही मागे कोणी बाई बसली होती. मग तलाव सरला आणि ती बाई कुठे गेली कोण जाणे. ललिता हळू श्वास घेत होती. भरून घेतलेला श्वासही जड असतो, असं तिला वाटलं. सागाचं रान मागे गेलं. ओळखीचं मोहाचं झाड आलं. शाळेची कौलं आली. मीटरवर सतरा झाले.

तुरीचं कुंपण आलं. गाडी मंद झाली, सडकेच्या कडेला उतरली आणि तुलारामांच्या फाटकासमोर उभी राहिली. एवढीशी हललीसुद्धा नाही.

"सरलं पेट्रोल," कृष्णराव म्हणाले.

"डबा काढू का बाबा?"

"मंग काढजो."

तुलाराम अंगणातून आले. हातात बैलाचं दावं होतं. गाडी पाहिली, आतली माणसं पाहिली आणि फाटकाच्या आतच थांबले. कृष्णरावांनी काच खाली केली.

"व्याही, गाडी बंद पडली. पानी पाजता का?"

"गाडी बंद पडली म्हून आलात. नाही त काहून आले असते तुमी?"

"बंद पडली त उतराच लागते बापा."

तुलारामांनी दावं खांद्यावर टाकलं आणि फाटक उघडलं.

"अवं," त्यांनी घराकडे हाक मारली, "पानी आन. गूळ बी आन. पोरगी आली."

ललिता तेवढ्यात अंगण ओलांडून गेली होती. गोदावरीबाई पदर सावरत तिच्यामागून निघाल्या. कृष्णराव सगळ्यांत शेवटी उतरले आणि डोक्यावरची टोपी नीट करून आत गेले.

जागेश्वरने बाटली सोडवायला बॉनेट उघडलं. वाकून बाटलीवरची रेघ वाचली.

पेट्रोल दोनशे दहा मिलिलिटर शिल्लक होतं.