कंपनी वाचेल

"नवी ईमेल, आणि तीही फुकटातली? अगं, त्या कंपन्या माणसाची मेल न मेल वाचतात!" श्रीपादराव बायकोवर गरजले. "पैसे भरून सुरक्षित सेवा घेऊ. ॲप मी निवडतो. पासवर्ड माझ्याकडे ठेव, तू विसरतेस."

जुना पासवर्डही त्यांच्याकडेच होता. म्हणून तर नलिनीच्या बहिणीने स्वतःच्या घटस्फोटाबद्दल लिहिलेली मेल तिच्याआधी त्यांनी वाचली, आणि भाच्याच्या मुंजीत श्रीखंड चापता चापता अख्ख्या पंगतीला ऐकवली. आता म्हणे सुरक्षित सेवा!

नलिनीने त्यांच्याकडे पाठ फिरवून फुकटातलंच खातं उघडलं आणि नवा पासवर्ड टाकला.

"अगं, कंपनी वाचेल!"

"वाचू दे की. ती निदान पंगतीत बसून वाचून दाखवत नाही."