डोलीसाठी गाडी

बाझिराकेनं आधी हात कोटाला पुसला, मगच तो लाल गाडीच्या दारावर ठेवला. दारात त्याचा चेहरा दिसत होता. मागचं ज्वारीचं रान दिसत होतं, आणि जमलेलं अख्खं गावही.

शेजारी दुसरी गाडी उभी होती. मूळची पांढरी असावी, आता राखेच्या रंगाची झालेली. एक दार तारेनं बांधलेलं, नाक चेपलेलं. तिच्याजवळ तिचा मालक न्टुंग्वा सोडून कोणी फिरकत नव्हतं. दोन्हींची किंमत सारखीच होती, आणि डोली मंडळाला घ्यायची होती एकच. दुखणाईत माणूस असो की अडलेली बाई, या डोंगरावरून दवाखान्यापर्यंत मंडळाची माणसं डोली खांद्यावरून नेत. बाझिराके मंडळाचा म्होरक्या. तीस वर्षं पुढचा दांडा त्याच्याच खांद्यावर होता. निवड त्यानं करायची होती, आणि आजच.

"काका, हीच घ्या," अंपेइरे म्हणाला. मागचा दांडा धरणारा तरणाबांड गडी तो. "रुटोमावाल्यांचे डोळे फाटतील."

"फाटायला ते घरी कुठं आहेत?" बाझिराकेनं हनुवटीनं दाखवलं. पलीकडच्या रुटोमा डोंगरावरच्या मंडळाचा म्होरक्या र्वाकाटूके झाडाखाली काठीवर रेलून उभा होता.

"घाई नाही रे," र्वाकाटूके हसून म्हणाला. "तू सोडलीस की लाल मी नेतो."

बाझिराकेनं लाल दारावरून पुन्हा एकदा हात फिरवला. या गावाचं देखणं म्हणावं असं आजवर काही नव्हतं. चर्चचा पत्रासुद्धा दुसऱ्या गावानं काढून टाकलेला, तोच आणून बसवलेला.

"आधी आत निजून बघू," तो म्हणाला.

"निजणार कोण?"

"मी," केन्यांगी म्हातारी पुढं आली. "शेवटी यातून जायची पाळी माझीच आहे. आत्ताच माप घ्या, मग कुरकुर नको."

डोलीत घालून तिला लाल गाडीत चढवलं. बसायला मागंपुढं चार माणसांची ऐसपैस जागा, त्यामुळं मागचा हौदा आखूड. म्हातारीचे पाय बाहेर आले.

"पाय इथंच ठेवून जाऊ का रे?" तिनं आतून विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"चढावर चला," बाझिराके लाल गाडी विकणाऱ्याला म्हणाला. "आम्ही खांदा बदलतो, तिथं थांबवा. इंजिन बंद करा. मग परत सुरू करा."

"भर चढावर गाडी बंद कोण करतं, बाबा?"

"आम्ही तिथं थांबतो. दर खेपेला थांबतो. कधीतरी गाडीपण थांबेल."

चौघे डोलीवाले आडवाटेनं आधीच तिथं जाऊन उभे राहिले. लाल गाडी झोकात वर आली, थांबली, गप्प झाली. किल्ली फिरली. गाडी खाकरली आणि पुन्हा गप्प. चाकं मातीवर हातभर मागं सरकली.

"दगड लावा!" अंपेइरे ओरडला. दोघांनी चाकांमागं दगड सारले, बाझिराकेनं मागच्या फळीला खांदा दिला. म्हातारीचे तळपाय त्याच्या कानाला लागत होते. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला गाडी धूर सोडत गरजली आणि वर गेली.

"थंडीमुळं झालं," विकणारा वरून ओरडला. सूर्य डोक्यावर होता.

मग करडी आली. हिच्यात म्हातारी पुरती मावली, वर उशाशी तिचं आंबिलीचं भोपळ्याचं भांडंही मावलं. चढावरच्या त्याच जागी न्टुंग्वानं इंजिन बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी चौघे वाकून मागं धावले आणि खांदे लावायला पुढं झुकले. तेवढ्यात किल्ली फिरली. गाडी निघून गेली, आणि चौघांचे खांदे हवेला लागले. बाझिराके तर गुडघ्यांवर पडला. लाल माती झटकत उठला तेव्हा तो हसत होता.

वर पोचले तर केन्यांगी डोलीत उठून बसली होती आणि आंबील पीत होती.

"काय म्हणते गाडी, आजी?" अंपेइरेनं विचारलं. त्याचा डोळा अजून लालवरच होता.

"लाल पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी विकणाऱ्याला मनात शिव्या घातल्या," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्यांदा तुम्हा चौघांना. तिसऱ्यांदा देवाचं नाव घेतलं."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात कशालाच वेळ मिळाला नाही."

बाझिराकेनं करड्या गाडीच्या चेपलेल्या नाकावर हात ठेवला. या खेपेला हात पुसायचं त्याला सुचलं नाही. "ही आमची," तो न्टुंग्वाला म्हणाला. न्टुंग्वानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"निदान रंग तरी देऊ, काका," अंपेइरे म्हणाला.

"देऊ की. तू दे. पण इंजिनाला हात लावलास तर बघ."

धापा टाकत र्वाकाटूके वर आला. सगळं त्यानं खालून पाहिलं होतं. तरी त्यानं लाल गाडीभोवती एक चक्कर मारली, दारात स्वतःला बघून टोपी सारखी केली. "आमच्याकडं चढ एवढा नाही," तो म्हणाला आणि विकणाऱ्याशेजारी ऐटीत जाऊन बसला.

लाल गाडी उन्हात झगझगत उताराला लागली. बाझिराके तिच्याकडं बघत राहिला. दिसायला फार सुंदर होती, यात वाद नव्हता.

"र्वाकाटूके!" त्यानं हात तोंडाशी धरून हाक मारली. "ढकलायला माणसं लागली तर बोलव रे! आमचे खांदे आता रिकामेच आहेत!"