टेकडीनं ठेवून घेतलेली हाक

बसा गड्यांनो, एक गोष्ट सांगतो. मधे मात्र कोणी हूं म्हणू नका.

म्हसावदच्या वरच्या अंगाला एक टेकडी आहे. गावातला हिलाल दर रविवारी लोकांना तिथं फिरवायचा, झाडं दाखवायचा. म्हणायचा, "बोडकी होती तेव्हा ही टेकडी हाकेला हाक द्यायची. आता आम्ही लावलेली अंजनाची, महूची झाडं वाढलीत. जंगल हाक परत देत नाही, ठेवून घेतं."

त्या दिवशी त्याची बायको दीपमाला पहिल्यांदाच संगं आली होती.

"अमृतना बाप, मी बी हाक मारू का?"

"मार ना. घरमा तं रोजच मारस!"

लोक हसले. आणि नवऱ्याला पोराच्या नावानंच हाक मारणाऱ्या, जन्मात त्याचं नाव न घेतलेल्या त्या बाईनं टेकडीकडं तोंड करून "हिलाल!" अशी आरोळी ठोकली. टेकडी गप्प. हिलाल खूश.

उतरताना मंडळी पुढं गेली. वाट निसरडी, म्हणून हिलालनं बायकोचा हात धरला. तेवढ्यात वरून हाक आली, "हिलाल!" आवाज दीपमालाचाच.

त्यानं बाजूला पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं.

वळणावर पुन्हा हाक आली. जवळून. मग आणखी जवळून. हातातला हात गार पडला, पण घट्ट झाला.

"चला ना, उशीर व्हयी ऱ्हायना," ती म्हणाली.

तेव्हा पाठीमागच्या अंजनाआडून रडवेला आवाज आला, "अमृतना बाप, मी आठे शे! तुम्ही कोनले लई चालनात?"

हिलाल थांबला तो थांबलाच. दीपमाला इथं मागं असेल, तर तो हात धरून कोणाला घेऊन चाललाय? हातातला हात पुढं ओढतोय, मागं हुंदके चाललेत. बाबांनो, तुम्ही शहाणी माणसं. लवकर सांगा, त्यानं हात सोडावा का धरावा?