मनगटाचं माप

आजोबांनी सुतारकाम थांबवलं, तेव्हा त्यांचं जडशीळ कामाचं टेबल दुकान विकत घेणाऱ्याकडेच राहिलं. मग बाबांनी अगदी तसंच टेबल घरी बनवायला घेतलं. म्हणजे ज्यांच्या हातात आजोबांनी कधी रंधासुद्धा दिला नाही, त्या बाबांनी. सहा महिन्यांचे सगळे रविवार, माझी अखंड बडबड आणि बाबांचं एक नख त्यात खर्ची पडलं.

आज आजोबा टेबलापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात खाली सोडला.

"टेबल मनगटाला लागायला हवं, हे शेंबडं पोरही सांगेल. चांगलं दोन बोटं उंच झालंय. साहेब, तुम्ही आपल्या फायलीच मोजा."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात दाबला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले आणि करवत घेऊन टेबलाचे पाय कापायला बसले.



चाळीस वर्षं आजोबांच्या मनगटाला लागणाऱ्या त्या जुन्या टेबलाची उंची आम्ही दुकानात जाऊन तीनदा मोजली होती, आणि आमच्या टेबलात सुताचाही फरक नव्हता.